उद्यमबागेत विमानाच्या चाकांचं आणि बॅटरीचं वर्कशॉप: सुरुवात कशापासून करायची?

उद्यमबाग_टर्नर

आमचं युनिट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी, एक मोजमापाचं सीएमएम मशीन, आणि एएस ९१०० सर्टिफिकेट हातात आहे. सध्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि थोडं एरोस्पेस मशीनिंग करतो. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये एअरबस-बोइंगचे पार्ट बनतात, सांबऱ्याला (बेळगावच्या विमानतळावर) प्रवासी विमानं उतरतात, शिवाय फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं आहेत. तरी चाक किंवा बॅटरी उतरली की ती बाहेरगावीच जाते असं ऐकतो. पार्ट बनवायला बेळगाव चालतंय, मग दुरुस्तीला का नको?

विचारायचं ते असं:
१. एएस ९१०० असताना आणखी काय लागतं?
२. भागीदार म्हणतो थेट हँगर टाकूया. मला वाटतं आधी लहान वर्कशॉप बरं. कोण बरोबर?
३. बुश, पिन, स्पेसर असले किरकोळ पार्ट आम्हीच करून बसवले तर चालेल का?
४. जागा आणि माणसं किती धरायची?

---

क्वालिटी_१४५

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बेळगावची माणसं तिथंच अडकतात. नाही चालणार. पार्ट बनवणं आणि पार्ट दुरुस्त करून विमानाला लायक म्हणून सही करणं, ही दोन वेगळी लायसन्सं आहेत. बनवायची परवानगी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं नियामक) कार-२१ नियमाखाली येते, दुरुस्तीची कार-१४५ खाली. १४५ वाल्या वर्कशॉपला स्वतःच्या चालू जॉबसाठी, मंजूर डेटाप्रमाणे, स्वतःच्याच छपराखाली एखादा बुश करून बसवता येतो. पण तशी सोय आणि तिची पद्धत तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहून मंजूर झालेली हवी, आणि तो बुश बाहेर विकता येत नाही. जुना बुश मोजून, ड्रॉइंग काढून, 'याच्यापेक्षा भारी मटेरियल वापरलंय' म्हणून बसवलात तर मायक्रॉनमध्ये अचूक असला तरी तो बिनकागदाचा पार्ट, म्हणजे भंगार.

एएस ९१०० ही कारखान्याची गुणवत्ता पद्धत. दुरुस्तीसाठी तसलंच एएस ९११० आहे. दोन्हींपैकी एकही डीजीसीएची परवानगी नव्हे. तुमची कॅलिब्रेशनची सवय, लॉट ट्रेसिंग, पहिल्या नगाची तपासणी हे सगळं उपयोगी पडेल, पण अर्ज नव्यानेच करायचा.

अर्ज ईजीसीए पोर्टलवरून, सीए फॉर्म २ वर. त्याआधी पाच गोष्टी तयार पाहिजेत:

पहिली, एमओई, म्हणजे मेंटेनन्स ऑर्गनायझेशन एक्स्पोझिशन. तुम्ही कोणतं काम, कुठे, कोणाकडून, कोणत्या पद्धतीने करणार हे सांगणारा ग्रंथ. दुसऱ्या कंपनीची एमओई आणून नावं बदलणारे खूप. तपासायला आलेला अधिकारी शॉपफ्लोअरवर फिटरला विचारतो, 'खराब पार्ट कुठे ठेवता?' फिटर एक दाखवतो, पुस्तकात दुसरंच लिहिलेलं असतं. पहिला शेरा तिथंच पडतो.

दुसरी, माणसं: अकाउंटेबल मॅनेजर, क्वालिटी मॅनेजर, वर्कशॉप मॅनेजर. अकाउंटेबल मॅनेजर म्हणजे पैसे मंजूर करायचा अधिकार असलेला माणूस, नुसता सहीचा धनी नव्हे. क्वालिटीवाला उत्पादनाच्या हाताखाली नको.

तिसरी, रेटिंग. 'ए' म्हणजे अख्खं विमान, 'बी' इंजिन आणि एपीयू (विमानातलं छोटं सहाय्यक इंजिन), 'सी' सुटे घटक, 'डी' एनडीटीसारखी (पार्ट न तोडता दोष शोधायची तपासणी) खास कामं. चाक-ब्रेक सी-१४ मध्ये, बॅटरी सी-५ मध्ये, प्रोपेलर सी-१६, हायड्रॉलिक्स सी-१२. सगळीच मागून ठेवू नका. प्रत्येक रेटिंगमागे टूल, डेटा आणि माणूस दाखवावा लागतो.

चौथी, सीएमएम. हे तुमचं माप घेणारं मशीन नव्हे हो! कॉम्पोनंट मेंटेनन्स मॅन्युअल, आणि तेही चालू रिव्हिजनचं. ते पार्टच्या मूळ कंपनीकडून रीतसर मिळवायचं. खरी अडवणूक इथं होते. ज्या चाकाचं मॅन्युअल मिळत नाही ते चाक तुमचं गिऱ्हाईक नाही, मग ते शेजारच्या दारात पडलेलं असलं तरी. बऱ्याचदा विमान कंपनीच्या हक्काचं मॅन्युअल करारातून वापरायला मिळतं. पण रिव्हिजन बदलली की तुम्हाला कोण कळवणार, हे त्या करारात लिहून घ्या.

पाचवी, कॅलिब्रेट केलेली टूल आणि बंदिस्त स्टोअर. तयार माल, कामाचा माल आणि क्वारंटाइन तिन्ही वेगळे, कुलपासकट.

हँगरबद्दल: भागीदाराला थांबवा. सुट्या घटकांचं वर्कशॉप विमानतळाच्या आत असायची गरज नाही. म्हणजे एअरसाइडची जमीन आणि प्रवेश पास, दोन्ही कटकटी वाचतात. केंद्राने १ सप्टेंबर २०२१ ला जाहीर केलेल्या एमआरओ (विमानांची देखभाल-दुरुस्ती) धोरणात विमानतळ प्राधिकरणाच्या जागेवरची रॉयल्टी काढली आणि भाडेपट्टा ३० वर्षांपर्यंत केला. पुढे हँगर घ्यायचं झालं तर ते कामाला येईल.

---

चाक_आणि_ब्रेक

वरचं बरोबर. आता चाकाचं शॉप म्हणजे नेमकं काय ते सांगतो. टायर पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानाशी याचा काही संबंध नाही.

विमानाचं चाक दोन अर्ध्यांचं असतं, टाय-बोल्टने जोडलेलं. चाक आलं की पहिलं काम हवा पूर्ण गेल्याची खात्री. विमानावरून उतरवतानाच हवा काढायची असते, तरी शॉपमध्ये पुन्हा तपासायचं. जेट विमानाच्या टायरात दीडशे ते दोनशे पीएसआय दाब असतो. हवा असताना टाय-बोल्ट सैल केले तर चाकाचे दोन्ही तुकडे माणसाच्या अंगावर येतात. या शॉपमध्ये माणूस मरतो तो इथं. हवा काढून, मग व्हॉल्व्ह कोअर काढून, कोअर काढल्याची खूण कार्डावर केल्याशिवाय पुढचा माणूस हात लावणार नाही असा नियम करा.

मग बीड ब्रेकर, म्हणजे टायरची कडा (बीड) चाकावरून सोडवायचं मशीन. टायरच्या कडेत पहारी घालू नका. बीड सीटवर एक ओरखडा पडला की तडा तिथून सुरू होतो. टाय-बोल्ट काढल्यावर ओ-रिंग फेकून द्यायची, 'अजून चांगली दिसते' म्हणून ठेवायची नाही. बेअरिंग सॉल्व्हंटमध्ये धुऊन सुकवायची, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायची नाही. बिनग्रीसची बेअरिंग फिरवली की रोलरवर चरे पडतात. आपल्याकडे हा खेळ सगळेच करतात. पावसाळ्यात उघडी बेअरिंग रात्रभर टेबलावर राहिली तर सकाळी बोटाचे ठसे गंजात उमटलेले दिसतात. त्याच पाळीत ग्रीस भरून झाकायची.

प्रत्येक टायर बदलाला बीड सीटच्या वळणावर एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने तडा शोधणं), आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टप्प्याला पूर्ण रंग काढून पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा द्रव). टाय-बोल्टांना मॅग्नेटिक पार्टिकल, म्हणजे चुंबकीय कणांनी तडा शोधायची तपासणी. फ्यूज प्लग (चाक फार तापलं की वितळून हवा सोडणारं बूच) वितळल्याची खूण दिसली तर चाक तापलेलं आहे. त्याची कडकपणा आणि कंडक्टिव्हिटी तपासणी केल्याशिवाय ते पुन्हा चढत नाही.

जोडताना टायरचा लाल ठिपका मॅन्युअल सांगेल त्या जागी, बहुतेक व्हॉल्व्हसमोर. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. मॅन्युअलने ग्रीस लावून टॉर्क सांगितला असेल आणि तुम्ही कोरडा बोल्ट आवळलात, तर तेवढ्याच टॉर्कला पकड कमी बसते. उलट केलं तर बोल्ट ताणला जातो. टॉर्क रेंच वर्षाला किंवा ५००० वापरांना, जे आधी येईल तेव्हा, एनएबीएल मान्य लॅबमध्ये.

नायट्रोजन भरायचा तो पिंजऱ्यात, रेग्युलेटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह लावून. सिलिंडरात दीडशे बारच्या आसपास असतं, म्हणून गेजकडे बघत हाताने भरणं बंद. मोठ्या विमानाच्या टायरात ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको. सुरुवातीला साधी हवा भरून वर नायट्रोजन टाकला तर तो हिशेब चुकतो. भरल्यावर १२ तास तसंच ठेवायचं. टायर ताणतो, १० टक्क्यांपर्यंत दाब उतरला तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा पूर्ण दाबाला आणायचं आणि २४ तासांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरला तर साबणाचं पाणी घेऊन बसा: व्हॉल्व्ह, फ्यूज प्लग, दोन अर्ध्यांचा सांधा, या क्रमाने.

गाडीने पाठवताना दाब उतरवायचा: ३ बार किंवा चालू दाबाच्या २५ टक्के, जे कमी असेल ते. कोल्हापूर, हुबळी, गोवा हे सगळं बेळगावहून टेम्पोच्या अंतरावर आहे आणि तेच तुमचं खरं भांडवल. राज्याची सीमा ओलांडली की ई-वे बिल. त्यावर सिरियल नंबर आणि 'दुरुस्तीसाठी' हे नीट लिहा.

कामाचा अंदाज असा काढा. जेटचा मुख्य टायर साधारण २०० ते ३०० लँडिंग चालतो. एक विमान दिवसाला ८ लँडिंग करत असेल तर महिन्याभरात टायर बदलायला येतो. मुख्य चाकं चार धरली तर विमानामागे महिन्याला चार. पाच विमानांचा करार म्हणजे वीस चाकं. तेवढा करार हातात नसताना एडी करंट मशीन विकत घेऊ नका.

जागा अडीच-तीन हजार चौरस फूट पुरेल. माणसं आठ-नऊ. सही करणारे किमान दोन ठेवा, एक रजेवर गेला की शॉप बंद पडायला नको.

---

लेव्हल_टू_खानापूर

पेनिट्रंटबद्दल दोन शब्द, कारण उद्यमबागेत पेनिट्रंट मारणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक लाल रंगाचा स्प्रे मारून मोकळे होतात. विमानाच्या कामात फ्लोरोसंट लागतो.

सर्वात मोठी चूक शॉट ब्लास्टिंग. फौंड्रीची सवय अशी की जॉब आला, मारा शॉट. ॲल्युमिनियमच्या चाकावर शॉट मारला की तड्याचं तोंड दाबून बंद होतं. पेनिट्रंट आत शिरत नाही आणि चाक 'पास' होतं. शिवाय लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथं गंज धरतो. रंग केमिकलनेच काढायचा, किंवा मॅन्युअल परवानगी देत असेल तर प्लास्टिक मीडियाने. यांत्रिकपणे घासलं गेलंच तर एचिंग (केमिकलने वरचा पातळ थर काढणं) करून मग पेनिट्रंट.

बाकी आकडे: पेनिट्रंट किमान १० मिनिटं, धुण्याच्या पाण्याचा दाब ४० पीएसआयच्या आत, पाणी १० ते ३८ अंश, सुकवायची भट्टी ७१ अंशांच्या वर नाही, डेव्हलपर किमान १० मिनिटं. काळ्या (अतिनील) दिव्याची तीव्रता ३८ सेंटिमीटरवर किमान १००० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, आणि खोलीतला पांढरा उजेड २० लक्सच्या आसपास किंवा कमी. पत्र्याच्या शेडमध्ये फटीतून ऊन येतं. पडदा लावला म्हणजे अंधार झाला असं नाही, मीटरने मोजा. तपासणाऱ्याने अंधारात डोळे स्थिरावायला मिनिटभर थांबायचं, आणि रंग बदलणाऱ्या काचेचा चष्मा चालत नाही.

माणूस एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ (एनडीटी करणाऱ्यांच्या पात्रतेची मानकं) प्रमाणे लेव्हल टू. प्रोसिजर लेव्हल थ्रीने मंजूर केलेली. लेव्हल थ्री पूर्णवेळ ठेवायची गरज नाही, बाहेरचा करारावर घेता येतो. वर सांगितलेल्या 'डी' रेटिंगच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. स्वतःच्या चाकांपुरती एनडीटी सी-१४ च्या कामाचा भाग म्हणून एमओईत लिहून घेता येते.

---

उद्यमबाग_टर्नर

शॉट ब्लास्टिंगचं वाचून घाम फुटला, आम्ही तेच करणार होतो. आणखी एक: टाय-बोल्टचं कॅडमियम उडालेलं असलं तर शेजारच्या प्लेटिंगवाल्याकडे टाकायचे का? तो झिंक उत्तम करतो.

---

लेव्हल_टू_खानापूर

नको. कडक पोलादावर प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, भार असताना, न सांगता तुटतो. म्हणून प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत घालून १९० अंशांवर २३ तास भाजावं लागतं. संध्याकाळी प्लेटिंग करून सकाळी भट्टी लावणाऱ्याकडे ते जमत नाही. कॅडमियमच्या सांडपाण्याचा प्रदूषण मंडळाचा व्याप वेगळाच. नवीन बोल्ट, कागदासकट, स्वस्त पडतो.

---

पिस्टन_बी१

सगळे जेटच्या मागे लागलेत. दारात काय उभं आहे ते बघा की. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूलना जागा दिल्या, त्यात बेळगाव आहे. शिकाऊ विमान महिन्याला ६०-७० तास उडालं तरी ५० तासांची तपासणी तीन आठवड्यांनी आलीच.

सेसना १७२ चं उदाहरण घ्या. लायकॉमिंग आयओ-३६० इंजिन, चार सिलिंडर, आठ स्पार्क प्लग, ओव्हरहॉल २००० तासांना. ५० तासांना तेल आणि फिल्टर. फिल्टर फेकायचा नाही, कटरने कापून कागदाची घडी उलगडून चुंबक फिरवायचं. करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि इंजिन खराब असल्याची बोंब होते. १०० तासांना कॉम्प्रेशन, म्हणजे ८० पीएसआय हवा आत सोडून सिलिंडर किती दाब धरतो ते बघायचं. ७० च्या वर आणि सिलिंडरांतला फरक ५ पर्यंत असेल तर छान. ६० च्या खाली गेला तर सिलिंडर उतरवायची तयारी. प्लग ३० ते ३५ फूट-पाउंड. हातातून पडलेला प्लग सरळ कचऱ्यात.

सांबरा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. विद्यार्थी जमिनीवर मिक्स्चर पूर्ण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून टॅक्सी करतात, त्यामुळे खालच्या प्लगवर शिशाचे मणी जमतात. आणि इथली तांबडी धूळ एअर फिल्टर आणि ब्रेकच्या पिस्टनवर बसते. पावसाळ्यात विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की कॅमशाफ्टला गंज. महिनाभर उडणार नसेल तर प्रिझर्व्हेशन करून ठेवायचं. नुसतं इंजिन पाच मिनिटं फिरवल्याने उलट आत पाणी साचतं.

म्हणून माझं मत: प्लगची सफाई आणि टेस्टिंग, ५०० तासांची मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) तपासणी, ६.००-६ आणि ५.००-५ ची छोटी चाकं, ब्रेकचे लाइनिंग रिव्हेट करणं. या सगळ्याला लागणारं सामान एका खोलीत मावतं. गिऱ्हाईक पंधरा मिनिटांवर.

---

चाक_आणि_ब्रेक

पिस्टनवाल्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. फ्लाइंग स्कूल स्वतःचे इंजिनिअर ठेवतात आणि प्लग स्वतःच साफ करतात. त्यांच्याकडून मॅग्नेटो आणि चाकं मिळतील, बाकी धरू नका. शिकायला मात्र छोटं चाक उत्तम: दाब कमी, चूक स्वस्त.

---

निकेलकॅड

बॅटरीचं कोणी बोललं नाही. २४ व्होल्टची निकेल-कॅडमियम म्हणजे साधारण २० सेल. पहिला नियम: लेड-ॲसिड आणि निकेल-कॅडमियम एका खोलीत नाहीत. वेगळी खोली, वेगळा पंखा, वेगळा हायड्रोमीटर, वेगळे पाने. ॲसिडची वाफही अल्कलीच्या सेलची वाट लावते. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या त्याच खोलीत ठेवलेल्या दिसल्या तर तपासणी तिथंच संपते.

कपॅसिटी टेस्ट: ४० ॲम्पिअर-अवरची बॅटरी ४० ॲम्पिअरने उतरवायची आणि प्रत्येक सेल १ व्होल्टला कधी येतो ते लिहायचं. ४८ मिनिटांच्या आत आला तर ८० टक्क्यांच्या खाली. पास-नापासची रेघ मॅन्युअलमधली घ्यायची, काही ठिकाणी ती ८५ असते. मग प्रत्येक सेल रेझिस्टरने शून्याला आणून रात्रभर ठेवायचा, म्हणजे सगळे एका रेषेत येतात. पाणी घालायचं ते चार्जिंगच्या शेवटी. उतरलेल्या बॅटरीत पातळी खाली दिसते म्हणून आधीच भरलं तर चार्ज होताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड उतू जातं, आणि मग बॉक्सला करंट गळतो. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं गाळून नव्हे.

चार्जिंग मध्येच तुटलं तर चाचणी पहिल्यापासून. इथं वीज जाते, तेव्हा यूपीएसचं बजेट आधीच धरा.

---

हायड्रो_अण्णा

टर्नरसाहेब, कार-१४५ येईपर्यंत मशीनं रिकामी ठेवू नका. जॅक, टो-बार, चाकाची ट्रॉली, इंजिन स्टँड, हायड्रॉलिक टेस्ट रिग: हे जमिनीवरचं सामान, विमानाचा पार्ट नव्हे. बेळगावला हायड्रॉलिक्स शिकवायला नको. ज्या संस्थेला द्याल ती आपल्या एमओईतल्या पर्यायी टूलच्या पद्धतीने ते तपासून घेते. तुम्ही ड्रॉइंग, मटेरियल सर्टिफिकेट आणि लोड टेस्टचा रिपोर्ट द्यायचा.

दोन ठिकाणी आपली माणसं चुकतात. एक, सील. आपल्या सगळ्या कामात मिनरल तेल आणि नायट्राइल सील. मोठ्या प्रवासी विमानात स्कायड्रॉल असतं, फॉस्फेट एस्टर. त्यात नायट्राइल फुगून सडतं, तिथं ईपीडीएम लागतं. आणि ईपीडीएम मिनरल तेलात टिकत नाही. म्हणजे छोट्या विमानाची लाल ५६०६ (मिनरल) तेलाची रिग आणि स्कायड्रॉलची रिग कायमच्या वेगळ्या, होजसुद्धा अदलाबदल नाहीत. स्कायड्रॉल रंग खातं आणि डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

दुसरी चूक टो-बारच्या शिअर पिनची. ती मुद्दाम कमजोर असते. ओढताना जास्त जोर आला तर पिन तुटावी, नोज गिअर वाचावा. पिन सारखी तुटते म्हणून कोणीतरी 'ईएन-२४ ची (जास्त ताकदीच्या पोलादाची) करून द्या' म्हणून येईल. करून देऊ नका. ड्रॉइंगमधलं मटेरियल, तोच कडकपणा, तोच खाचेचा व्यास, आणि प्रत्येक लॉटमधल्या दोन-तीन पिना तोडून कितीला तुटतात ते लिहून ठेवायचं.

---

क्वालिटी_१४५

करांचं राहिलं होतं. एमआरओ सेवेवरचा जीएसटी २०२० मध्ये १८ वरून ५ टक्के झाला. पार्ट, टेस्टिंगची उपकरणं आणि टूल आयात करताना जुलै २०२४ पासून एकसारखा ५ टक्के आयजीएसटी आहे, अटींसह. त्या अटी कस्टम्स एजंटला आधी दाखवा.

आणि माणसांबद्दल. एअरमेन ट्रेनिंग स्कूलमुळे निवृत्त हवाईदल तंत्रज्ञ या भागात बरेच स्थायिक आहेत. त्यांचा हात पक्का असतो. पण अख्ख्या विमानाच्या सहीला कार-६६ लायसन्स लागतं, आणि हवाईदलाचा अनुभव म्हणजे ते लायसन्स नव्हे. सुट्या घटकाच्या फॉर्म १ वर (दुरुस्त घटक वापरायला लायक असल्याचा दाखला) सही करणाऱ्याला तुमच्या संस्थेने दिलेलं अधिकारपत्र लागतं. त्याची पात्रता एमओईत लिहिलेली, दोन वर्षांत सहा महिने प्रत्यक्ष काम आणि ह्यूमन फॅक्टर्सचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाची तारीख उलटली की त्याची सही थांबते. हे लक्षात ठेवायचं काम फिटरचं नाही, क्वालिटीचं.

---

उद्यमबाग_टर्नर

भागीदाराला सगळं वाचून दाखवलं. हँगर तूर्त बाजूला. आधी टो-बार आणि चाकाच्या ट्रॉल्या, तोवर दोन विमान कंपन्यांना चाकांची महिन्याची संख्या विचारतो. अण्णा, पिन तोडून बघायला आमचं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन चालेल ना? ४० टनी आहे.

---

हायड्रो_अण्णा

चालेल, पण ४० टनी मशीनवर लहान पिनेचा आकडा तळाच्या काट्यात येतो, तिथं भरवसा नाही. खालच्या रेंजचं कॅलिब्रेशन आहे का ते सर्टिफिकेटवर बघा. नसेल तर लहान लोडसेल लावा. आणि पिन ताणून तोडायची नाही, दुहेरी शिअरचं फिक्श्चर करून तोडायची, टो-बारच्या डोक्यात असते तेवढ्याच फटीने.